काचबिंदूवरील लेसर उपचार : राखलेल्या दृष्टीचा हिशेब

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे महत्त्व आपल्या हितचिंतकांना वेगळे सांगावे लागत नाही. डोळ्यावरील पट्टी सुटते, रुग्णाला नातवंडांचे चेहरे स्पष्ट दिसू लागतात आणि देणगी सत्कारणी लागल्याचे समाधान दात्यास लाभते. काचबिंदूवरील लेसर उपचाराचे तसे नाही. या उपचारानंतर रुग्णाला पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागत नाही. साहजिकच ‘मग हा खर्च कशासाठी?’ असे रुग्णांचे नातेवाईक विचारतात. प्रश्न रास्त आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने नेत्रतज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते सोप्या शब्दांत येथे मांडत आहे.

रोगाचे स्वरूप

डोळ्याच्या पुढील भागात एक पारदर्शक द्रव सतत तयार होत असतो. डोळ्याच्या कडेला असलेल्या कोनातील सूक्ष्म जाळीतून तो झिरपून बाहेर जातो. आवक चालू राहून जावक मंदावली की डोळ्यातील दाब वाढतो. सर्वसाधारणपणे हा दाब १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. वाढलेल्या दाबामुळे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे तंतू हळूहळू निकामी होतात. काहींच्या बाबतीत दाब या मर्यादेत असूनही नसेची हानी होते. म्हणून केवळ दाब मोजून भागत नाही, नसही तपासावी लागते.

प्रथम बाजूची नजर जाते, समोरचे मात्र दीर्घकाळ चांगले दिसते. बहुधा वेदनाही नसते. त्यामुळे रुग्ण गाफील राहतो. भारतात चाळिशी ओलांडलेल्या सुमारे १ कोटी १२ लाख व्यक्तींना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झाला होता. यांपैकी बहुसंख्यांना आपल्या रोगाची कल्पनाच नसते. गेलेली दृष्टी कोणत्याही उपचाराने परत येत नाही. दाब कमी करून उरलेली राखणे एवढेच आपल्या हाती आहे.

लेसरचे कार्य

जाळीवर लेसर किरण टाकून दाब उतरविण्याची पद्धत १९७९ मध्ये पुढे आली. त्यात जाळीवर भाजल्याचे व्रण उरत. पुढे ‘सिलेक्टिव्ह लेसर ट्रॅबेक्युलोप्लास्टी’, संक्षेपाने ‘एसएलटी’, ही सौम्य पद्धत विकसित झाली व २००१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. यातील प्रत्येक झोत सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावा इतका अल्पकाळ टिकतो. तो जाळीतील रंगद्रव्ययुक्त पेशींवरच कार्य करतो आणि आजूबाजूचा भाग भाजत नाही. जाळीतील पेशींच्या हालचालीला चालना मिळून निचरा सुधारतो.

उपचारापूर्वी डोळा बधिर करणारे थेंब घालतात. रुग्णास यंत्रासमोर बसवून, डोळ्यावर विशिष्ट भिंग ठेवून काही मिनिटांत काम पूर्ण होते. टाके नाहीत, भरती होणे नाही. तासाभराने दाब पुन्हा तपासून रुग्णास घरी सोडतात. डोळा एक-दोन दिवस थोडा लाल राहू शकतो. पूर्ण परिणाम दिसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. दाब साधारणतः २० ते ३० टक्के उतरतो. मात्र सर्वांचाच उतरेल असे नाही. काही वर्षांनी परिणाम ओसरल्यास उपचार पुन्हा करता येतो.

ही पद्धत खुल्या कोनाच्या काचबिंदूसाठी आहे. ज्यांचा कोन अरुंद किंवा बंद आहे, त्यांच्या डोळ्यातील रंगीत पटलास लेसरने सूक्ष्म छिद्र पाडून द्रवास वाट करून देतात. कोणास कोणता उपचार, हे कोन तपासूनच ठरते.

जमाखर्चाची बाजू

थेंबांचे औषध गुणकारी आहे. पण ते नेमाने आणि बहुधा आजन्म घालावे लागते. बाटली उघडल्यापासून साधारण महिनाभरात संपवावी वा टाकून द्यावी लागते. हाती पैसा नसला किंवा शेतीची कामे निघाली की ती आणणे राहून जाते. थेंब बंद केल्याचा त्रास त्या दिवशी जाणवत नाही, हाच खरा धोका होय.

ब्रिटनमध्ये ७१८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यांना प्रथम लेसर दिला, त्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय आटोक्यात होता. दाब उतरविण्यासाठी शस्त्रक्रिया थेंबांच्या गटात ११ जणांवर करावी लागली, लेसरच्या गटात एकावरही नाही. २०२२ मध्ये तेथील राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत खुल्या कोनाच्या अनेक नव्या रुग्णांसाठी हा उपचार प्रथम सुचविण्यात आला.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर हा नफा मिळविण्याचा नव्हे, मुद्दल वाचविण्याचा खर्च आहे. पाच वर्षांपूर्वी एकट्याने बाजारात जाणारा मनुष्य आजही एकट्याने जातो, एवढेच त्याचे फळ. घरातील दुसऱ्या कोणास रोजगार सोडून त्याचा हात धरावा लागला नाही, हे कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांस विनंती

लेसर झाला म्हणजे काचबिंदू बरा झाला असे समजू नये. ठरलेल्या तारखेस तपासणीस यावे. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज चालू थेंब बंद करू नयेत. स्टेरॉइडयुक्त थेंब स्वतःच्या मनाने दुकानातून आणून घालू नयेत. त्यांनी दाब वाढू शकतो. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना व मुलांना या रोगाचा धोका अधिक असल्याने त्यांनीही नेत्रतपासणी करून घ्यावी.

देणगीदार व विश्वस्तांनी मोतीबिंदूइतकेच औदार्य या न दिसणाऱ्या कार्यासही दाखवावे, ही नम्र विनंती.