गाभण कुत्रीचे त्रेसष्ट दिवस

चेन्नईहून बेंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे ४० किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर हे गाव लागते. रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून ते भाविकांना परिचित आहे. मोटारींच्या कारखान्यांमुळे त्यास आता नवी ओळखही लाभली आहे. हे गाव ज्या तमिळनाडूत आहे, तो प्रदेश राजपालयम, कोंबै, चिप्पिपारै व कन्नी या देशी श्वानजातींचे माहेरघर होय. यांपैकी राजपालयम कुत्र्याचे चित्र भारतीय टपाल खात्याने २००५ साली तिकिटावर छापले. परंतु कोणतीही जात केवळ गौरवाने टिकत नाही. माता धडधाकट राहावी व पिले जगावी, यासाठी गाभणपणात घेतलेली निगाच अखेर कामी येते. ही निगा खर्चाची नव्हे. तिला मुख्यतः दोन साधने लागतात: एक दिनदर्शिका आणि दुसरे तापमापक.

समजा, श्रीपेरुंबुदूरच्या एखाद्या घरातील कुत्रीचा नराशी संयोग १ मार्च रोजी झाला. कुत्रीचा गर्भकाळ सरासरी ६३ दिवसांचा असतो. म्हणजे ३ मेच्या सुमारास ती विणार. तथापि संयोगापासून मोजल्यास हा काळ ५७ ते ७२ दिवसांपर्यंत मागेपुढे होऊ शकतो. नराचे शुक्राणू मादीच्या शरीरात कित्येक दिवस जिवंत राहतात, आणि कुत्रीचे बीजांड बाहेर पडल्यावरही फलनास योग्य होण्यास दोन-तीन दिवस घेते. संयोगाचा दिवस तोच फलनाचा दिवस, असे म्हणता येत नाही. म्हणून पहिल्या व शेवटच्या संयोगाच्या तारखा दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवाव्या.

कुत्री गाभण आहे हे ओळखावे कसे? पहिले तीन आठवडे बाहेरून काहीच कळत नाही. चौथ्या आठवड्याच्या सुमारास काहींची भूक मंदावते. स्तनाग्रे गुलाबी होऊन फुगतात. पाचव्या आठवड्यानंतर पोट वाढू लागते. पण ही लक्षणे फसवी असतात. माज ओसरल्यावर, गर्भ राहो वा न राहो, बीजांडकोशातील पीतपिंड सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरोन हे संप्रेरक स्रवत राहतात. त्यामुळे गाभण नसलेल्या कुत्रीच्या शरीरासही गर्भ असल्यासारखाच संदेश मिळतो. तिचे स्तन भरतात, क्वचित दूधही येते. ती कोपरा उकरते आणि एखादी चप्पल पिलासारखी जपते. यास खोटी गर्भधारणा म्हणतात. याहून धोक्याचा प्रकार म्हणजे गर्भाशयात पू साठणे. माजानंतरच्या एक-दोन महिन्यांत कुत्री मलूल होऊन वारंवार पाणी पिऊ लागली, पोट फुगले किंवा दुर्गंधी स्राव आला, तर ती गाभण आहे असे समजून वाट पाहणे तिच्या जिवावर बेतते.

निश्चित निदान पशुवैद्याकडेच होते. सुमारे २५ दिवसांनंतर सोनोग्राफीत गर्भ दिसतात. तिसाव्या दिवसाच्या सुमारास रक्तात रिलॅक्सिन हे संप्रेरक सापडते. ते गर्भाच्या वारेतून येत असल्यामुळे खऱ्या-खोट्याचा निवाडा करते. ५५ व्या दिवसानंतर क्ष-किरण चित्रात पिलांची संख्या मोजता येते. ही संख्या माहीत असली म्हणजे वीण पुरी झाली की एखादे पिलू आत अडकले, हे कळते.

आहाराविषयी दोन गैरसमज आढळतात. पहिला असा की, गाभण राहताच दुप्पट खाऊ घालावे. वास्तविक पिलांची बहुतेक वाढ शेवटच्या तीन आठवड्यांत होते. तोवर नेहमीचा आहार पुरतो. पुढे तो दर आठवड्यास थोडथोडा वाढवून सव्वापट ते दीडपट करावा आणि लहान भागांत दिवसातून अनेकदा द्यावा. नुसत्या ताकभातावर पिले पोसत नाहीत. अंडी, मासे किंवा मांस यांची जोड हवी. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. हाडे बळकट व्हावी म्हणून गाभणपणात कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जातात. बाहेरून आयते कॅल्शियम मिळू लागले की, हाडांतील साठा रक्तात आणणारी शरीराची यंत्रणा मंदावते. पुढे दुधासाठी एकाएकी कॅल्शियम लागते तेव्हा ती वेळेवर जागी होत नाही. मग विल्यानंतरच्या दोन-चार आठवड्यांत कुत्री धापा टाकते, ताठ चालते, थरथरते. तिला झटके येतात. अशा वेळी पिले बाजूस घेऊन तिला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे.

लसी संयोगापूर्वीच टोचून घ्याव्या, म्हणजे मातेच्या चिकातून पिलांना संरक्षण मिळते. गोल जंतांच्या अळ्या मातेच्या शरीरात सुप्त असतात व गर्भकाळाच्या उत्तरार्धात वारेतून पिलांपर्यंत पोहोचतात. हे जंत मुलांनाही बाधतात, म्हणून जंतनाशकाविषयी वेळीच विचारावे. माणसांची औषधे मनाने मुळीच देऊ नयेत.

आपल्या उदाहरणातील ३ मे ही तारीख ध्यानात घ्या. तमिळनाडूत अग्निनक्षत्रम् म्हणून ओळखला जाणारा कडक उन्हाचा काळ याच सुमारास सुरू होतो. नवजात पिलांना कापून ऊब निर्माण करता येत नाही. त्यांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३० अंश सेल्सियस उष्णता लागते. माता मात्र उन्हाने हैराण होते. म्हणून सावलीच्या, वारा खेळणाऱ्या जागी ऐसपैस पेटी ठेवावी, तिच्या एकाच कोपऱ्यात ऊब राखावी आणि जवळ पाणी असावे. कुत्रीला तेथे आठवडाभर आधीच रुळवावे.

५६ व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातील तापमान नोंदवावे. एरवी ते ३८ अंशांच्या वर असते; विण्यापूर्वी बहुधा २४ तासांच्या आत ते सुमारे एका अंशाने उतरते. ही पूर्वसूचना होय. ती मिळूनही २४ तासांत वेणा सुरू झाल्या नाहीत, जोराच्या कळा येऊन अर्ध्या तासात पिलू आले नाही, आत पिले असताना दोन तास लोटले, किंवा पहिल्या पिलाआधीच हिरवा स्राव दिसला, तर क्षणाचाही विलंब लावू नये. हिरवा रंग वार सुटू लागल्याचे चिन्ह आहे. १९०३ साली स्थापन झालेले मद्रास पशुवैद्यक महाविद्यालय चेन्नईत वेपेरी येथे आहे. पण मध्यरात्री ४० किलोमीटरचा पल्ला लहान नसतो. पशुवैद्य कोण, वाहन कोणाचे, हे पन्नासाव्या दिवशीच ठरवून ठेवावे.

पिले आठ आठवड्यांची होईपर्यंत विकू नयेत, तसेच एका कुत्रीची वर्षात एकाहून अधिक वीण घेऊ नये, असे बंधन व्यावसायिक श्वानपैदाशीवर २०१७ च्या नियमांनी घातले आहे. घरी कुत्री पाळणाऱ्यानेही ते आपणहून पाळावे. ज्यास पिलांना घरे मिळवून देता येणार नाहीत, त्याने कुत्रीची नसबंदी करून घेणे हेच उचित. ज्याने वीण घ्यायचे ठरविले, त्याने संयोगाच्या दिवशीच दिनदर्शिकेवर पहिली खूण करावी.