वाघाच्या शेजारी तीन रात्री

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही वसतिगृहातील नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात तीन रात्रींच्या निसर्ग शिबिरासाठी नेले होते. पहिल्या संध्याकाळी तंबूंसमोर सतरंजीवर बसून मार्गदर्शक सूचना देत होते. त्या संपताच जंगलालगतच्या गावातून आलेला आमचा एक विद्यार्थी उभा राहिला. म्हणाला, "सर, आमच्या गावात वाघ दिसला का लोकं घरात घुसतात. अन् इथं वाघ दिसावा म्हून पैसे भरतात. असं काऊन?" मुले हसली. आम्हाला मात्र हसू आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, एवढ्यासाठीच हा लेख.

प्रथम या भ्रमंतीची रचना समजून घेऊ. व्याघ्र प्रकल्पाचे दोन भाग असतात. आतला गाभा, म्हणजे कोअर, हा वन्यप्राण्यांसाठी राखलेला असतो. त्याभोवतीच्या बफर क्षेत्रात गावे, शेती, गुरेढोरे आणि वन्यप्राणी एकत्र नांदतात. पर्यटकांचे तंबू बफरमध्येच असतात. गाभ्यात प्रवेश मिळतो तो सकाळी आणि दुपारी ठरलेल्या वेळी, मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा प्रवेशद्वारांतून, नोंदणी केलेल्या वाहनातून आणि नोंदणीकृत मार्गदर्शकासह. वाहनातून खाली उतरता येत नाही. गाभ्यात मोबाइल नेण्यास मनाई आहे. पावसाळ्यात गाभा बंद असतो. 2012 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी गाभ्याच्या 20 टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनाला देऊ नये, असे ठरवून दिले आहे.

छावणीचेही नियम असतात आणि त्यांतील प्रत्येकामागे कारण असते. तंबूत खाण्याचे पदार्थ ठेवायचे नाहीत, कारण वासाने रानडुकरे आणि माकडे येतात. अंधार पडल्यावर एकट्याने लघवीलाही जायचे नाही. दोघांनी मिळून, टॉर्च घेऊन जायचे. बूट घालण्यापूर्वी झटकायचे. आमच्या वसतिगृहातील मुलांना घंटेवर उठण्याची सवय, त्यामुळे शिस्त जड गेली नाही. जड गेली ती शांतता. शंभर मुलांच्या गोंगाटात वाढलेल्या मुलांनी पहिल्या रात्री तंबूच्या कापडापलीकडे रातव्याचा आवाज ऐकला आणि कितीतरी वेळ कोणी झोपले नाही.

मार्गदर्शक हे परिसरातील गावांतलेच तरुण-तरुणी असतात. ताडोबात स्त्री-मार्गदर्शकही आहेत, आणि आमच्या गटासोबत त्यांपैकीच एक होत्या. आमच्या मुलींनी त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडले. वाघ डोळ्यांनी शोधायचा नसतो, तो कानांनी शोधायचा असतो, हा त्यांचा पहिला धडा. चितळ जरा बिचकले तरी ओरडते. झाडाच्या शेंड्यावरून वानर खोकल्यासारखा आवाज काढते, तेव्हा त्याला काहीतरी दिसलेले असते. सांबर मात्र उगाच ओरडत नाही. त्याने इशारा दिला, तर गाडी थांबवावी. धुळीत उमटलेला नराचा पंजा चौकोनी भासतो, मादीचा थोडा लांबट. साग, ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू ही झाडेही त्यांनी सालीवरून ओळखायला शिकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका पाणवठ्याजवळ वाघीण दिसली, जेमतेम दोन मिनिटे. मुले परत आली ती मात्र सांबराच्या हाकेची नक्कल करीत.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. म्हणून रात्री शेकोटीशेजारी या भूमीचा इतिहास सांगितला. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला, लोकांनी त्याला देव मानले आणि त्यावरून ताडोबा हे नाव पडले, अशी दंतकथा आहे. तलावाकाठी त्याचे स्थान आहे. म्हणजे या जंगलाचे नावच मुळात माणूस आणि वाघ यांच्या संघर्षातून आलेले आहे. येथे 1935 मध्ये शिकारीवर बंदी आली आणि 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले; तेव्हा हा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1973 चा व्याघ्र प्रकल्प त्यानंतरचे.

परंतु याच चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथील शिलालेख याहून कितीतरी जुना आहे. ब्राह्मी लिपीतील त्या लेखात प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई केलेली आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा संबंध सम्राट अशोकाच्या धर्ममहामात्राशी जोडला होता. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखातही अवध्य प्राण्यांची यादी आहे, आणि विनाकारण वा जीवहत्येसाठी जंगले जाळू नयेत, अशी आज्ञा आहे. आपल्या मातीतील हा वारसा पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकला जातो. तो जंगलात बसून ऐकताना मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते वर्गात क्वचितच दिसते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. राष्ट्रीय अंदाजानुसार महाराष्ट्रात 2014 मध्ये 190 वाघ होते, 2018 मध्ये 312 आणि 2022 मध्ये 444. ही वाढ अभिमानाची आहे. परंतु वाघ वाढले तशी जंगले वाढली नाहीत. तरुण वाघ नवा मुलूख शोधत गाभ्याबाहेर पडतो आणि बफरमधील शेतशिवारात येतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पहाटे गळतात. ती वेचणारी बाई अंधुक प्रकाशात खाली वाकलेली असते. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम. घरखर्च भागवण्याचे हेच दिवस आणि जीव जाण्याचेही हेच दिवस. त्या विद्यार्थ्याच्या शेजारच्या काकू अशाच मोहफुले वेचताना गेल्या, हे त्याने आम्हाला शेकोटी विझल्यावर सांगितले.

गाभ्यातील बोटेझरी, नवेगाव (रामदेगी), जामणी यांसारख्या गावांनी घरदार सोडून बाहेर वस्ती केली, तेव्हा आज आपल्याला दिसणारी कुरणे मोकळी झाली. पर्यटक ज्या गवतावर चितळांचे कळप पाहून हरखतो, तेथे कोणाची तरी चूल होती. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार आधी लोकांचे हक्क मान्य करावे लागतात. ग्रामसभेच्या स्वतंत्र, माहितीपूर्ण व लेखी संमतीवाचून स्थलांतर करता येत नाही. ही तरतूद जंगलालगतच्या प्रत्येक पालकाला ठाऊक असली पाहिजे. ज्याला कायदा वाचता येतो, त्याला कोणी सहज हुसकावू शकत नाही.

म्हणून त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले : पर्यटक भरतो ते वाघाचे दर्शनमूल्य, तुझे गाव भरते ते वाघ जगवण्याचे मूल्य. दुसरे पहिल्याहून कितीतरी मोठे आहे. पहिल्याचा न्याय्य वाटा गावापर्यंत पोचला, मार्गदर्शक, चालक, स्वयंपाकी म्हणून गावातील माणसाला काम मिळाले, तरच संवर्धन टिकेल. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे गाइड व्हायले शिकावं लागन." आम्ही म्हणालो, "गाइड हो, वनाधिकारीही हो."

पुढे एका वैशाख पौर्णिमेला आम्ही शिक्षक बफरमधील पाणवठ्यावरील मचाणावर बसलो. उन्हाळ्यात पाणी आटलेले असते आणि चांदणे स्वच्छ असते, म्हणून वनविभाग या रात्री निसर्गानुभवाचा उपक्रम घेतो. पूर्वी अशा रात्री प्राण्यांची मोजदाद होत असे. आता वाघांचा अंदाज स्वयंचलित कॅमेऱ्यांनी, अंगावरच्या पट्ट्यांवरून घेतला जातो, कारण दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. त्या रात्री रानडुकरे आली, पहाटे अस्वल आले, वाघ आला नाही. तथागतांच्या जयंतीच्या चांदण्यात एकेक प्राणी पाणी पिऊन निघून जात होता आणि आम्ही श्वास रोखून बसलो होतो. करुणेवर वर्गात आम्ही पुष्कळ बोललो आहोत. त्या रात्री ती गप्प राहून अनुभवली.

पालकहो, माजी विद्यार्थ्यांनो, मुलांना जंगलात अवश्य पाठवा. फिकट हिरवे वा खाकी कपडे, पाण्याची बाटली, वही आणि पेन्सिल एवढे पुरे. परतल्यावर 'वाघ दिसला का?' एवढेच विचारू नका. तेथे कोण राहते, ते काय खाते, त्यांच्या मुलांची शाळा किती दूर आहे, हेही विचारा. आमचा तो विद्यार्थी आज गावातील लहान मुलांना सकाळी एकत्र जमवून, काठ्या आणि शिट्ट्या घेऊन शाळेपर्यंत पोचवतो. वाघ तेथेच आहे. मुलेही शाळेत पोचत आहेत.