माध्यमिक शाळेतील भूगोल विभागाचे गुणवत्ता चिन्ह : इंग्लंडमधील योजनेचा परिचय व चिकित्सा

प्रस्तावना

शिक्षणसंस्थेच्या गुणवत्तेचे मूल्यमापन ही संकल्पना आज महाविद्यालयीन प्राध्यापकांना नवीन राहिलेली नाही. 1994 मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेची अर्थात नॅकची स्थापना झाल्यापासून स्वयंमूल्यमापन अहवाल, समिती सदस्यांची भेट, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष हे शब्द महाविद्यालयीन जीवनाचा भाग बनले आहेत. तथापि, या मूल्यमापनाचा एकक संपूर्ण संस्था हा असतो. एखाद्या संस्थेला उत्तम श्रेणी मिळाली म्हणजे तेथील प्रत्येक विषयाचे अध्यापन उत्तम आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. तसेच सामान्य श्रेणीच्या संस्थेतही एखादा विभाग अत्यंत निष्ठेने कार्य करीत असू शकतो. विषयाची गुणवत्ता स्वतंत्रपणे तपासता येईल काय, आणि ती कोणी तपासावी, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडमधील माध्यमिक शाळांच्या भूगोल विभागांसाठी जिओग्राफिकल असोसिएशन या संघटनेने विकसित केलेल्या ‘सेकंडरी जिऑग्रफी क्वालिटी मार्क’ या योजनेत आढळते. प्रस्तुत लेखात या योजनेची पार्श्वभूमी, स्वरूप, कार्यपद्धती व मर्यादा यांचे विवेचन केले असून महाराष्ट्राच्या संदर्भात तिच्यातून काय घेता येईल याचाही विचार केला आहे.

योजनेची पार्श्वभूमी

जिओग्राफिकल असोसिएशन ही भूगोल शिक्षकांची संघटना 1893 मध्ये ऑक्सफर्ड येथे स्थापन झाली. प्रसिद्ध भूगोलतज्ज्ञ हॅल्फर्ड मॅकिंडर हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते. भूगोलाच्या अध्यापनासाठी जादूच्या दिव्याच्या काचचित्रांची शाळाशाळांमध्ये देवाणघेवाण व्हावी, या अगदी व्यावहारिक गरजेतून संघटनेचा प्रारंभ झाला. 1901 पासून तिने स्वतःचे नियतकालिकही चालविले. म्हणजेच, गुणवत्ता चिन्हाची योजना सुरू करणारी संस्था ही शासकीय निरीक्षण यंत्रणा नसून शिक्षकांनीच शिक्षकांसाठी उभारलेली, शतकाहून अधिक परंपरा असलेली संघटना आहे. योजनेचे स्वरूप समजून घेताना ही बाब विसरता येत नाही.

1988 च्या शिक्षण सुधारणा कायद्यान्वये इंग्लंडमध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम आला व 1991 मध्ये भूगोलाचा अभ्यासक्रम लागू झाला. परंतु वयाच्या 14 व्या वर्षानंतर भूगोल हा ऐच्छिक विषय राहिला. परिणामी, विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सोळाव्या वर्षी होणाऱ्या जीसीएसई परीक्षेला भूगोल घेऊन बसणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या घटू लागली. ऑफस्टेड या निरीक्षण संस्थेने फेब्रुवारी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, 2009 साली शंभराहून अधिक माध्यमिक शाळांतून एकही विद्यार्थी या परीक्षेस भूगोल घेऊन बसला नसल्याचे निदर्शनास आणले.

याच काळात दुसरा एक बदल घडला. 2005 पासून ऑफस्टेडच्या शालेय तपासण्या अल्पावधीच्या व संपूर्ण शाळेवर केंद्रित झाल्या. प्रत्येक विषयाचे स्वतंत्र परीक्षण शाळेच्या अहवालातून नाहीसे झाले. विषयवार पाहणी निवडक शाळांपुरती उरली. त्यामुळे भूगोल विभागप्रमुखाला आपला विभाग नेमका कोठे आहे हे सांगणारी बाह्य व्यवस्था राहिली नाही, आणि विषय दुर्बल होत असेल तर त्याची दखल घेणारेही कोणी उरले नाही. 2006 ते 2011 या कालावधीत शासकीय अर्थसाहाय्याने जिओग्राफिकल असोसिएशन व रॉयल जिओग्राफिकल सोसायटी यांनी भूगोलासाठी संयुक्त कृती आराखडा राबविला. गुणवत्ता चिन्हाची योजना या प्रयत्नांतूनच आकारास आली.

योजनेचे स्वरूप

प्राथमिक शाळांसाठी असलेल्या समांतर योजनेत कांस्य, रौप्य व सुवर्ण असे तीन स्तर ठेवण्यात आले. माध्यमिक विभागांसाठी मात्र एकच मानक निश्चित करण्यात आले. विभाग त्या मानकापर्यंत पोहोचला असेल तर चिन्ह मिळते. येथे विभागांची परस्परांशी स्पर्धा नसते. पहिला, दुसरा असा क्रम लावला जात नाही व मिळालेल्या चिन्हाची मुदत तीन वर्षांची असते. मुदत संपल्यावर पुन्हा परीक्षणास सामोरे जावे लागते. सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून त्यासाठी शाळेला शुल्क भरावे लागते.

निकषांमध्ये प्रामुख्याने विद्यार्थ्यांची प्रगती व संपादणूक, अध्यापनाचा दर्जा, अभ्यासक्रमाची रचना, विद्यार्थ्यांची विषयाविषयीची वृत्ती आणि विभागाचे नेतृत्व यांचा समावेश होतो. या सर्वांत अभ्यासक्रमाच्या रचनेला दिलेले महत्त्व विशेष उल्लेखनीय आहे. असोसिएशनने या काळात ‘अभ्यासक्रम घडविणे’ ही संकल्पना पुढे मांडली. या विचारानुसार शासनाने दिलेला अभ्यासक्रम हा केवळ आराखडा असतो. शिक्षकाचे अध्यापनकौशल्य, विद्यार्थ्यांचा स्वतःचा अनुभव आणि भूगोल या ज्ञानशाखेची संकल्पनात्मक शिस्त या तिन्ही घटकांच्या मेळातून वर्गातील अभ्यासक्रम प्रत्यक्षात घडतो. त्यापैकी एक घटक वगळला तरी समतोल बिघडतो. केवळ विद्यार्थ्यांच्या आवडीवर भर दिल्यास विषय उथळ होतो. केवळ आशयावर भर दिल्यास तो निर्जीव होतो.

कार्यपद्धती

योजनेचा गाभा स्वयंमूल्यमापन हा आहे. विभागातील शिक्षकांनी निकषांच्या चौकटीवर आपल्या कामाची एकत्रित तपासणी करावी, प्रत्येक विधानाच्या पुष्ट्यर्थ पुरावा जोडावा आणि आढळलेल्या उणिवांवर उपाययोजना करावी अशी अपेक्षा असते. त्यानंतर असोसिएशनने नियुक्त केलेले अनुभवी भूगोल शिक्षणतज्ज्ञ या सामग्रीचे परीक्षण करतात.

पुरावा म्हणजे काय, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. उदाहरणार्थ, ‘आमच्या विद्यार्थ्यांना नदीच्या कार्याचे आकलन आहे’ असे विधान विभागाने केले, तर परीक्षेचा सरासरी निकाल एवढाच पुरावा पुरेसा ठरत नाही. अकराव्या वर्षी विद्यार्थ्याने काढलेली नदीखोऱ्याची आकृती आणि चौदाव्या वर्षी त्याच विद्यार्थ्याने पूर व मानवी वस्ती यांच्या संबंधावर केलेले लेखन शेजारी ठेवले असता विचाराची प्रगती दिसली पाहिजे. तीच गोष्ट क्षेत्रकार्याची. सहलीची छायाचित्रे हा सहल झाल्याचा पुरावा असतो. प्रवाहाची रुंदी, खोली व वेग यांची विद्यार्थ्यांनी घेतलेली मोजमापे, त्यांवरून काढलेले आलेख आणि पाठ्यपुस्तकातील प्रतिमानाशी ती का जुळली नाहीत याची मीमांसा हा भूगोल शिकल्याचा पुरावा ठरतो.

इंग्लंडमध्ये 2016 पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात जीसीएसई स्तरावर दोन भिन्न परिसरांत क्षेत्रकार्य आवश्यक करण्यात आले, तर ए-लेव्हल स्तरावर किमान चार दिवसांचे क्षेत्रकार्य आणि एकूण गुणांच्या 20 टक्के भार असलेले स्वतंत्र संशोधनकार्य समाविष्ट झाले. त्यामुळे क्षेत्रकार्याविषयीची अपेक्षा केवळ गुणवत्ता चिन्हापुरती मर्यादित राहिली नाही.

उपयुक्तता व मर्यादा

योजनेचा पहिला लाभ म्हणजे विभागातील शिक्षकांना विषयाबद्दल एकत्र बसून बोलण्याचे निमित्त मिळते. एरवी विभागीय बैठका वेळापत्रक, परीक्षा व साहित्याची मागणी यांतच संपतात. दुसरा लाभ संस्थांतर्गत स्वरूपाचा आहे. विषयाच्या तासिका कमी करण्याचा प्रस्ताव येतो तेव्हा मान्यताप्राप्त बाह्य परीक्षणाचा आधार असलेल्या विभागप्रमुखाचे म्हणणे मुख्याध्यापकांना सहज डावलता येत नाही.

मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. योजना ऐच्छिक असल्याने जो विभाग आधीच सक्षम आहे तोच प्रामुख्याने अर्ज करतो. ज्या शाळेत भूगोल अस्तंगत होत आहे तेथे अर्ज करण्याइतके बळही उरलेले नसते. शुल्क व पुरावे संकलित करण्यास लागणारा वेळ यांचा भार लहान शाळांवर अधिक पडतो. शिवाय, कार्यकारणसंबंध सिद्ध करणे कठीण आहे. 2010 मध्ये ‘इंग्लिश बॅकलॉरिएट’ या निर्देशांकात इतिहास किंवा भूगोल यांपैकी एका विषयाचा समावेश झाला आणि त्यानंतर भूगोल घेणाऱ्यांची संख्या वाढली. या वाढीचे श्रेय गुणवत्ता चिन्हाला देता येणार नाही. ते मुख्यतः धोरणात्मक निर्णयाचे फलित होय. गुणवत्ता चिन्हामुळे विषयाला विद्यार्थी मिळतातच असे नाही. आलेल्या विद्यार्थ्यांना काय मिळते, एवढेच ते तपासते.

ऑफस्टेडने 2019 च्या चौकटीत अभ्यासक्रमाच्या दर्जाला पुन्हा केंद्रस्थान दिले आणि सप्टेंबर 2024 पासून शासकीय शाळांना संपूर्ण कार्याबद्दल एका शब्दात श्रेणी देण्याची पद्धत बंद झाली. एका शब्दात शाळेचे वर्णन करण्यातील अपुरेपण यातून मान्य झाले असे म्हणता येईल. विषयनिहाय परीक्षणाची गरज त्यामुळे अधिकच अधोरेखित होते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळेत ‘भूगोल विभाग’ नावाची स्वतंत्र रचना सहसा नसते. एकच शिक्षक इतिहास व भूगोल दोन्ही शिकवितो आणि दहावीच्या परीक्षेत भूगोल हा सामाजिक शास्त्रे या गटाचा एक भाग असतो. 2015 मध्ये सुरू झालेल्या शाळासिद्धी कार्यक्रमाने सात क्षेत्रांच्या आधारे शाळांचे स्वयंमूल्यमापन रूढ केले. परंतु तेथेही एकक शाळा हेच आहे. त्यामुळे इंग्लंडमधील योजना जशीच्या तशी येथे आणणे व्यवहार्य ठरणार नाही.

मात्र तिच्यातील तीन तत्त्वे निश्चितच ग्राह्य आहेत. पहिले, विषयाचे परीक्षण विषय जाणणाऱ्याने करावे. दुसरे, मान्यता ही स्पर्धेतील पारितोषिक नसून मुदतबद्ध जबाबदारी असावी. तिसरे, पुरावा विद्यार्थ्याच्या कामातून यावा, फाइलमधून नव्हे. राज्यात 2018 पासून लागू झालेल्या दहावीच्या भूगोल पाठ्यपुस्तकाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीवर आहे. हा पाठ किती शाळांत वर्गात वाचून दाखविला जातो व किती शाळांत प्रत्यक्ष केला जातो, एवढा एकच प्रश्न तालुक्यातील शाळांनी प्रामाणिकपणे विचारला तरी विषयनिहाय स्वयंमूल्यमापनाचा प्रारंभ होईल. अशा कामी वरिष्ठ महाविद्यालयांतील भूगोल विभागांनी पुढाकार घ्यावा. परिसरातील पाच-सहा शाळांच्या भूगोल शिक्षकांना वर्षातून दोनदा एकत्र आणणे, विद्यार्थ्यांचे नकाशे व क्षेत्रभेटीचे अहवाल परस्परांनी तपासणे आणि सुधारणेच्या सूचना लेखी देणे यासाठी शासननिर्णयाची वा मोठ्या निधीची आवश्यकता नाही. 14 जानेवारी या भूगोल दिनाचे औचित्य त्यासाठी साधता येईल.

समारोप

जिओग्राफिकल असोसिएशनच्या योजनेवरून असे दिसते की, विषयाची गुणवत्ता जपण्याची प्राथमिक जबाबदारी त्या विषयाच्या शिक्षक समुदायाचीच आहे. बाह्य यंत्रणा संस्थेला श्रेणी देऊ शकते; विषयाचा प्राण कशात आहे हे मात्र तो विषय शिकविणाऱ्यांनाच सांगावे लागते. महाविद्यालयात प्रथम वर्षास प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला नकाशाचे प्रमाण वाचता येत नाही, अशी खंत भूगोलाचे प्राध्यापक वारंवार व्यक्त करतात. त्या खंतीचे मूळ माध्यमिक स्तरावर आहे आणि म्हणूनच तिच्या निराकरणातील वाटा महाविद्यालयांनाही उचलावा लागेल.