काळ्या दगडासकट

पेणहून नागोठण्यावरून रोह्याला जाताना एका दगडखाणीत, मालकाला विचारून, सुरुंगाचं काम बंद असलेल्या दिवशी उतरलो. खडी फोडणाऱ्या एका काकांनी एक धोंडा बाजूला ठेवला होता. त्याच्या ओंजळभर पोकळीत पांढरी गार चमकत होती आणि तिच्यावर बोराएवढे हिरवे घन बसले होते.

हिरवं खनिज म्हणजे फ्लोराइटच, असं नसतं. आपल्या काळ्या पाषाणातला हिरवा अपोफिलाइट जास्त प्रसिद्ध आहे. पुण्यातल्या पाषाण भागातला तर जगभरच्या संग्राहकांकडे आहे. म्हणून भिंग लावलं. अपोफिलाइटच्या टोकाला मोत्याची झाक असते आणि तो एकाच दिशेने सोलला जातो. इथे झाक काचेची होती आणि एका घनाचा कोपरा तिरका, त्रिकोणी, अगदी गुळगुळीत तुटलेला होता. फ्लोराइटच तो.

फ्लोराइटचा चार दिशांनी चिरण्याचा हा गुण ओळख पटवतो आणि घातही करतो. दगडावरचा घणाचा दणका थेट घनात उतरतो. काका म्हणाले, "दादा, घण नको. आधी चीर शोधा." धोंड्यावर पाणी ओतलं. दगड वाळत गेला, चीर मात्र ओली राहिली. स्फटिकांपासून वीतभर लांब, त्या रेषेवर बारीक छन्नी लावली. काका ठोक्यागणिक आवाज ऐकत होते. खणखणीत आला तर दगड अजून एकसंध. बद्द आला की चीर पुढे सरकली. दुपार कलताना तुकडा अलगद सुटला. घरी तो साध्या पाण्यात, मऊ ब्रशने धुतला. गरम पाण्याने फ्लोराइट तडकतो. आम्लाला तर हात लावायचाच नाही.

घन सुटे काढले असते तर डबीत मावले असते. पण बाजारात चीनचा हिरवा फ्लोराइट भरपूर येतो आणि सुट्या खड्याला स्वतःचं गाव सांगता येत नाही. मागचा पाषाण ते सांगतो: सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात अडकलेला बुडबुडा, नंतर त्यात झिरपलेलं खनिजांचं पाणी, आधी गार, मग फ्लोराइट. सिन्नरजवळच्या महोदरीचे पिवळे फ्लोराइट गोळेही गारेवर बसलेलेच पाहावेत.

खाणीतून असं काही आणलंत तर मागचा दगड छाटू नका. गाव, खाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी त्याच पुडीत ठेवा.