सापाचें बिऱ्हाड

मांजर घरांत आलें म्हणजे तें घराचेंच होऊन जातें. थंडी वाजली तर तें अंथरुणांत शिरतें, उकडलें तर फरशीवर जाऊन पडतें. पाळलेल्या सापाला ही मुभा नसते. त्याची सारी सृष्टि म्हणजे त्याची पेटी. तींत मालकानें जी ऊब अगर जो गारवा ठेवला असेल, त्यावरच त्याला वीस-पंचवीस वर्षें काढावयाचीं असतात. म्हणून ज्यांना ही हौस आहे त्यांनीं बिऱ्हाडाचा विचार आधीं आणि भाडेकरूचा मागाहून करावा, हें बरें.

भाडेकरू कोण असावा याविषयीं मात्र कायदा स्पष्ट आहे. नाग, घोणस, धामण, अजगर हे आपल्या रानांतले साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं येतात. ते धरणें किंवा घरीं बाळगणें हा गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी मंगळवेढ्याच्या ज्वारींत उंदीर टिपणारी धामण शहरांतील दिवाणखान्यांत आणून कोणाचें भलें होणार? घरीं पाळला जाणारा साप परदेशी असतो. त्यांत नवशिक्यांच्या पसंतीस उतरतो तो पश्चिम व मध्य आफ्रिकेंतला लहानसा बिनविषारी अजगर, बॉल पायथन. तो घाबरला म्हणजे डोकें आंत घेऊन चेंडूसारखें वेटोळें करतो, म्हणून हें नांव. त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. कायद्यांत २०२२ सालीं जी दुरुस्ती झाली आणि तिला अनुसरून २०२४ सालीं जे नियम निघाले, त्यांप्रमाणें असा प्राणी बाळगणाऱ्यानें सरकारदरबारीं नोंद केली पाहिजे. कागदपत्रांवांचून साप देऊं करणाऱ्या दुकानाची पायरी चढूं नये.

आतां मुख्य प्रश्न उष्णतेचा. थंडीच्या रात्रीं सोलापुरी चादर पांघरली कीं माणसाला ऊब येते. पण ती ऊब चादरीची नव्हे. ती माणसाच्या अंगांतलीच असते, चादर तिला केवळ बाहेर जाऊं देत नाहीं. सापाच्या अंगांत अशी भट्टी नाहीं. त्याला चादरींत गुंडाळलें तर तो गारच्या गार राहील. रानांत तो उन्हांत येऊन तापतो आणि बिळांत शिरून निवतो. अंग पुरेसें तापलें नाहीं तर खाल्लेला उंदीर पचत नाहीं. तो ओकून टाकावा लागतो, नाहीं तर पोटांतच कुजतो.

म्हणून पेटीला एक ऊन टोंक आणि एक गार टोंक हवें. ऊन बाजू ३१ ते ३३ अंशांवर, गार बाजू २५ ते २७ अंशांवर, म्हणजे साप आपली आपण निवड करतो. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी लागते. आंखूड पेटींत दोन टोंकांचा भेद राहत नाहीं. ती सगळीच तापते. झांकणाला कडी-कुलूप असावें, कारण बोटभर फटींतून साप निसटतो. दोन्ही टोंकांना लपावयास एकेक अंधारी, अंगाबरोबर जागा द्यावी; एकच दिली तर भित्रा साप ऊब सोडून आडोसा धरतो, किंवा आडोशासाठीं भाजत राहतो. अंधाराची ही ओढ जाणत्यांना ठाऊक आहे. चेन्नईजवळ इरुळा लोकांची १९७८ सालीं स्थापन झालेली जी सहकारी संस्था विषासाठीं साप सांभाळते, ती त्यांना वाळू घातलेल्या मातीच्या मडक्यांतच ठेवते.

ऊब देण्यासाठीं पेटीच्या तळाच्या एक-तृतीयांश भागाखालीं विजेची चटई घालतात, अथवा वरून दिवा लावतात. दिव्याला जाळी हवी. चटईला तापनियंत्रक, म्हणजे थर्मोस्टॅट, हवाच. त्यावांचून ती इतकी तापते कीं पोट भाजलें तरी साप जागेवरून हलत नाहीं. बाजारांत मिळणारे विजेचे तापणारे दगड तर घेऊंच नयेत.

येथवरचें सारें थंड देशांतल्या पुस्तकांतही सांपडेल. सोलापुरांत अडचण उलटी आहे. डिसेंबर-जानेवारींत पहाटे पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हां चटई उपयोगी पडते. पण एप्रिल-मेमध्यें तो चाळीसच्या पुढें जातो, आणि तेवढ्या उष्णतेंत बंद पेटींतला साप थोड्या वेळांतही मरूं शकतो. थर्मोस्टॅट ऊब बंद करील, गारवा कोठून आणील? पंख्याचाही उपयोग नाहीं. पंखा माणसाचा घाम वाळवून त्याला गार करतो. सापाला घामच येत नाहीं. जुन्या माळवदाच्या घरांतील आंतली खोली यासाठीं उत्तम. पत्र्याच्या छपराखालची खोली सर्वांत वाईट. वाळ्याचा कूलर दुहेरी कामाचा आहे, कारण येथील उन्हाळी हवा कोरडी, आणि बॉल पायथनला हवेंत पन्नास-साठ टक्के ओलावा लागतो. तो नसला तर कात सलग न निघतां तुकड्यांनीं निघते आणि डोळ्यांवर चिकटून बसते. रुंद पाणवठा आणि कातीच्या दिवसांत ओलें शेवाळ घातलेली डबी ठेवावी. कांचेची पेटी उन्हांत तर कधींच ठेवूं नये.

हिंवाळ्यांत वीज गेली तर रबरी पिशवींत गरम पाणी भरून ती कपड्यांत गुंडाळून पेटींत ठेवावी आणि पेटीवर चादर घालावी; हवेचीं भोकें तेवढीं मोकळीं राहूं द्यावीं. आतां चादर कामास येते, कारण आंत ऊब आहे.

ही सारी मांडामांड साप आणण्यापूर्वीं निदान आठ दिवस आधीं करावी. रिकाम्या पेटीच्या दोन्ही टोंकांना तापमापक ठेवून पहाटे, दुपारीं आणि रात्रीं आंकडे लिहून काढावेत. आंकडे स्थिरावले नाहींत तर चटई सरकवावी, खोली बदलावी, पुन्हां आठ दिवस पाहावें. आणि भर मे महिन्यांत दुपारची पेटी बत्तीस अंशांखालीं राहत नसेल, तर दुकानदाराला पावसाळ्यापर्यंत थांबावयास सांगावें.