पेटीचा गांधार

ज्या घरांत तंबोरा व पेटी हीं दोन्ही वाद्यें आहेत, तेथें एक प्रयोग पांच मिनिटांत करून पाहतां येतो. पेटीचा षड्ज दाबून धरावा व त्यांतच शुद्ध गांधार मिळवावा. नाद एकसारखा वाहत नाहीं, भरभर थरथरतो. गांधार सोडून पंचम दाबला, तर ती थरथर बहुतेक नाहींशी होते. याबद्दल पेटी करणारास दोष देऊं नये. त्यानें ती बुद्ध्याच तशी लावलेली असते.

षड्जाचीं आंदोलनें सेकंदास २४० धरलीं, तर शुद्ध गांधार ३०० व पंचम ३६०. म्हणजे चार, पांच व सहा हें प्रमाण. प्रत्येक स्वराच्या पोटांत त्याच्या दुपटी-तिपटीचे सूक्ष्म नादहि वाजत असतात. षड्जाची पांचपट १२००, गांधाराची चौपटहि १२००. दोन्ही एकमेकांत विरून जातात, आणि कानास संवाद जाणवतो. पेटीचा गांधार मात्र ३०२.३८ आंदोलनांचा. त्याची चौपट सुमारें १२०९.५. फरक साडेनऊ, तितक्याच वेळां तो नाद दर सेकंदास फुगतो व ओसरतो. पंचमांतील फरक अर्ध्या आंदोलनाहूनहि कमी असल्यामुळें तो खपून जातो.

भरतमुनींनीं संवाद मानला तो नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावर, म्हणजे षड्जाचा मध्यमाशीं व पंचमाशीं. गांधारास तो मान नाहीं. गंमत अशी कीं, मध्ययुगीन युरोपांतहि प्रथम हीच समजूत होती. तेथें पंचमामागून पंचम लावीत जाऊन गांधार काढीत, तो ३०३.७५ वर, म्हणजे पेटीच्याहि वर जातो. पण तिकडील गायनांत तीन-चार कंठ निरनिराळे स्वर एकाच वेळीं लावूं लागले, तेव्हां हा खरखरीत गांधार सोसवेना. १५२३ सालीं इटलींतील पिएत्रो आरोन यानें तोड लिहून ठेवली: प्रत्येक पंचम किंचित् उतरवावा, म्हणजे गांधार निर्मळ मिळतो. मात्र ही सारी चोरी शेवटीं एका पंचमाच्या माथीं येई, आणि तो इतका भेसूर ओरडे कीं, त्याचें नांवच ‘लांडगा’ पडलें. कोणत्याहि स्वरास षड्ज मानून वाजवावयाचें, तर लांडग्यास घालविणें भाग होतें. सप्तकाचे बारा समान भाग केले म्हणजे तो जातो. तें गणित चीनमध्यें झू झाइयू नांवाच्या राजपुत्रानें १५८४ सालींच मांडलें होतें. आपल्या पेटींत आली आहे ती हीच वांटणी.

आपल्याकडे षड्ज बदलत नाहीं. मग ही तडजोड आपण कशासाठीं सोसावी? सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींचें गणित प्रसिद्ध केलें, आणि १९१६ सालीं बडोद्याच्या संगीत परिषदेंत श्रुति-हार्मोनियम दाखविण्यांत आली. ती घरोघर गेली नाहीं. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीवर बंदीच घातली, ती १९७१ सालीं अंशतः उठली. बंदीनें कान सुधारतात, असें शिक्षकाच्या अनुभवावरून मला तरी वाटत नाहीं.

तंबोऱ्याची जवारी नीट लागली असेल, तर खर्जाच्या तारेंतून न छेडलेला गांधार आपोआप उमटतो. त्यास स्वयंभू गांधार म्हणतात, आणि तो चार-पांचाच्या प्रमाणांतला असतो. पेटीवरच शिकलेलें मूल या गांधारास उतरलेला समजतें. म्हणून आरंभीचीं दोन वर्षें तरी त्यास तंबोऱ्यावर बसवावें. दरबारीचा कोमल गांधार तर पेटीच्या कोणत्याच पट्टींत सांपडत नाहीं.

कांहीं वादक पेटीचे सूर खरडवून गांधार उतरवून घेतात. मैफलींत त्याची गोडी तत्काळ कळते. परंतु एकत्र कुटुंबांत पेटी एकच असते. वडील बंधूंच्या पांढरी एकसाठीं ऋषभ २७० व धैवत ४०० असा शुद्ध लावून घेतला, आणि धाकटे बंधु पांढरी दोनमध्यें गावयास बसले, कीं त्यांच्या षड्जास पंचम हवा ४०५ चा, आणि पेटी देते ४००. युरोपांतून हांकललेला लांडगा आपल्याच माजघरांत ओरडूं लागतो.