पिवळा रंग : ओळख आणि पारख

पहिल्या इयत्तेत रंगांची ओळख करून देताना शिक्षक पिवळा कागद उंच धरतात, मुले एका सुरात ‘पिवळा’ म्हणतात आणि पाठ संपतो. त्या वयास एवढे पुरेसे आहे. चौथी-पाचवीच्या विद्यार्थ्यांना मात्र ‘हे पिवळे कशाने झाले?’ असे विचारावे. या एका प्रश्नावरून प्रकाश, शेती, आहार आणि आरोग्य या विषयांत सहज शिरता येते. उदाहरणांसाठी गावाबाहेर जाण्याची आवश्यकता नाही. पावसाळ्यात बांधावरची बाभूळ फुलते, भाद्रपदात सह्याद्रीच्या पठारांवर सोनकी पसरते, दसऱ्यास झेंडूच्या राशी येतात आणि चैत्र-वैशाखात पाने गाळलेला बहावा पिवळ्या घोसांनी लदलेला असतो. दसऱ्याचा हा झेंडू मूळचा मेक्सिकोकडील आहे, हे सांगितल्यास मुलांना नवल वाटेल.

आरंभ चुलीपासून करावा. निळसर जळणाऱ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकले की ज्योत एकदम पिवळी होते. मिठातील सोडियम या मूलद्रव्याचा हा गुण होय. हा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, सुमारे ५८९ नॅनोमीटरचा असतो. पण तांबडा आणि हिरवा प्रकाश योग्य प्रमाणात एकत्र डोळ्यात शिरला, तरीही आपणांस पिवळाच रंग दिसतो. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील पिवळा हा अशा मिश्रणाचा असतो. डोळ्याला या दोहोंतील भेद कळत नाही. पिवळेपणा एक दिसला तरी त्याची कारणे निरनिराळी असू शकतात, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर प्रथम ठसवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावरच उभे आहे.

वनस्पतींत हे विशेष स्पष्ट दिसते. हिरव्या पानात पिवळी द्रव्ये आधीपासूनच असतात. हरितद्रव्याच्या दाटीत ती झाकलेली राहतात. पान वठू लागले की हरितद्रव्य मोडते आणि खालचा पिवळा रंग वर येतो. जून झालेले खालचे एखादे पान पिकून गळणे हा क्रमच आहे. परंतु पिकाची खालची पाने एकजात पिवळी पडू लागली, तर ती बहुधा नत्राची उणीव असते. वरची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असे दिसल्यास लोहाच्या कमतरतेची शंका घ्यावी; चुनखडीच्या जमिनीत हे वारंवार आढळते. भेंडीच्या पानाचे याच्या उलट आहे. तेथे शिरांचेच पिवळे जाळे झाले तर तो विषाणूचा रोग असतो. यास शेतकरी हळद्या किंवा केवडा म्हणतात आणि पांढरी माशी तो पसरविते. रोग पिवळा दाखविणारी ही माशी स्वतः पिवळ्या रंगाकडे धावते, म्हणूनच शेतात पिवळे चिकट सापळे लावतात. जुन्या पत्र्याच्या तुकड्यास पिवळा रंग देऊन त्यावर एरंडेल चोळले आणि तो शाळेच्या बागेत टांगला, तर आठवडाभरात अडकलेले किडे विद्यार्थ्यांना मोजता येतील. ज्या मुलांना ही लक्षणे वेगवेगळी ओळखता येतात, ती घरी जाऊन वडिलांना उपयोगी पडणारी माहिती सांगू शकतात.

आहाराविषयी एक समजूत दूर करणे इष्ट आहे. पपई, पिकलेला आंबा, गाजर यांच्या पिवळ्या-केशरी द्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनविते, हे खरे. त्यावरून पिवळे तेवढे सर्व त्या गुणाचे असे मानणे चूक आहे. हळदीचा पिवळा रंग कुरकुमिन नावाच्या अगदी वेगळ्या द्रव्याचा आहे आणि त्यापासून अ जीवनसत्त्व मिळत नाही.

हळद ही महाराष्ट्रातील शिक्षकास सर्वांत सोयीची प्रयोगवस्तू होय. लग्नात अंगास लागणारी हळद, हळदीकुंकू, जेजुरीस खंडोबावर उधळला जाणारा भंडारा ही सारी मुलांच्या परिचयाची. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथून जवळच हरिपूर येथे जमिनीत खोदलेल्या पेवांत हळकुंडे साठविण्याची रीत होती. जखमेवर हळद दाबणे ही आजीची विद्या. तिच्यावरच १९९५ मध्ये अमेरिकेत एकस्व देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व लेख पुराव्यादाखल मांडले, आणि १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. लिहून ठेवलेले ज्ञान कसे उपयोगी पडते, हे दाखविण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रयोग असा करावा. हळद पाण्यात कालवून तिचा पातळ लेप कोऱ्या कागदावर द्यावा आणि कागद सावलीत वाळवावा. त्याच्या पट्ट्यांवर साबणाचे पाणी, खाण्याच्या चुन्याची निवळी, धुण्याचा सोडा, लिंबाचा रस व साखरेचे पाणी यांचा एकेक थेंब टाकावा. चुना तेवढा शिक्षकांनी स्वतः हाताळावा. साबण, सोडा व चुना यांनी पट्टी तांबूस होते; तांबूस डागावर लिंबू पिळल्यास पिवळा रंग परततो. हळदीचा डाग साबण लावताच लाल का होतो, हे कोडे प्रत्येक घरात रोज पडते आणि क्वचितच कोणी ते सोडविते. लिंबाचा रस व टाकणखार यांच्या योगाने हळकुंडाचेच कुंकू करण्याच्या जुन्या कृतीचा संबंधही येथे सांगता येईल.

आता अधिक गंभीर भागाकडे वळावयास हवे. हळद काढल्यावर शिजवितात, वाळवितात आणि मग तिला घासून उजाळा देतात. गिऱ्हाईक पिवळ्याधमक हळकुंडास अधिक भाव देते, म्हणून कोठे कोठे या उजाळ्याच्या वेळी शिशाचे क्रोमेट हे विषारी रंगद्रव्य चोळले जाते. बांगलादेशात ही रीत १९८० नंतरच्या दशकात पुराने काळवंडलेली हळद खपविण्यासाठी सुरू झाल्याचे सांगतात. तेथील संशोधकांना गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे आढळले आणि त्याचा माग हळदीपर्यंत पोचला. २०१९ मध्ये बाजारातील सुमारे ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. शासनाने व्यापाऱ्यांस दंड केले, तपासणी वाढविली, लोकांना माहिती दिली. २०२१ मध्ये तपासलेल्या नमुन्यांत ते आढळले नाही. आपल्या देशातही २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटण्याच्या काही नमुन्यांत शिशाचे प्रमाण फार मोठे होते.

शिशास चव नाही, वास नाही. लहान मुलांच्या मेंदूची वाढ ते खुंटविते, आणि त्याचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेस ज्ञात नाही. वर्गात मागे पडणाऱ्या एखाद्या मुलाचे कारण असेही असू शकेल, हा विचार शिक्षकास अस्वस्थ करणारा आहे. घरगुती कसोटी म्हणून अखंड हळकुंड पाण्याच्या पेल्यात सोडावे. पिवळा रंग तत्काळ सुटून धारा दिसू लागल्या तर संशय घ्यावा. ही कसोटी संशयापुरतीच होय. निश्चित निर्णय प्रयोगशाळाच देऊ शकते, आणि तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. पालकसभेत मात्र एक गोष्ट ठामपणे सांगावी : हळकुंडाचा उजळपणा हा त्याच्या उत्तमपणाचा पुरावा नव्हे; मळकट दिसणारे, उजाळा न दिलेले हळकुंड घेण्यात कमीपणा नाही.

गंमत अशी की हेच द्रव्य योग्य ठिकाणी मुलांचे रक्षणही करीत आले. अमेरिकेत १९३९ मध्ये फ्रँक सायर या शिक्षणतज्ज्ञांनी कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयात परिषद बोलावून शाळेच्या मोटारींसाठी पिवळा रंग ठरविला. पहाटेच्या व सायंकाळच्या अंधूक उजेडात तो लवकर दिसतो आणि त्यावरील काळी अक्षरे स्पष्ट वाचता येतात. त्या काळी त्या रंगात शिशाचे क्रोमेट असे.

शेवटचा पिवळा रंग कावीळीचा. जुन्या झालेल्या तांबड्या रक्तपेशी मोडून तयार होणारे पिवळे द्रव्य यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. यकृत बिघडले, पित्ताची वाट अडली किंवा पेशी फार वेगाने मोडू लागल्या, तर ते अंगात साचते. कावीळ झालेल्यास सारे जग पिवळे दिसते ही म्हण आहे, लक्षण नव्हे. हळद वर्ज्य करण्याच्या समजुतीसही आधार नाही. चुन्याच्या निवळीत रुग्णाचे हात धुऊन कावीळ ‘उतरविणारे’ लोक पाणी पिवळे झाल्याचे दाखवितात. हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असला म्हणजे निरोगी माणसाच्या हातानेही ते पिवळे होते. दूषित पाण्यातून येणारी कावीळ पुष्कळदा आपोआप बरी होते, त्याचे श्रेय या मंडळींस मिळते. ज्यांची कावीळ वेगळ्या कारणाची असते, त्यांचे मोलाचे दिवस वाया जातात.

हा पिवळा रंग प्रथम डोळ्यांच्या पांढऱ्या भागात उमटतो आणि दिव्याच्या पिवळसर उजेडात लपतो. यास्तव थकलेल्या, जेवण टाकणाऱ्या मुलास ओसरीत, दिवसाच्या उजेडात आणून त्याचे डोळे पाहावेत व संशय येताच पालकांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. एकाच वस्तीतील दोन-तीन मुले अशी आढळली, तर त्याच दिवशी आरोग्यसेवक व ग्रामपंचायत यांस कळवून विहिरीची आणि नळाच्या गळक्या जोडांची तपासणी करवून घ्यावी. तोवर शाळेत पाणी उकळून द्यावे.